तुम्ही विचारलंत म्हणून: गोल मारणारं पोरगं बाकावर का?

"सर, आमचं पोरगं गोल मारतंय, आणि तुम्ही त्यालाच बाहेर बसवताय व्हय?"

हे वाक्य मी हॉकी स्टेडियमच्या फाटकात ऐकलंय, मंडईत मेथीची जुडी निवडताना ऐकलंय, एका लग्नात पंगतीला बसल्यावर समोरून वाढणाऱ्या माणसाच्या तोंडूनही ऐकलंय. त्या दिवशी जिलेबी जरा कमीच पडली ताटात. विचारणारे बहुतेक वडील असतात, कधी मामा. आया विचारत नाहीत. त्या मॅच संपल्यावर नुसत्या बघतात, आणि ते जास्त जड जातं.

मी कुणी मोठा प्रशिक्षक नाही. दिवसा शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी टर्फवर पोरं. पगार नाही, त्यामुळे मला काढून टाकायची सोयही कुणाला नाही. उभ्या उभ्या या प्रश्नाचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून एकदा बसून लिहितो.

कोल्हापुरात हा प्रश्न जरा जास्तच तिखट असतो. हे गाव फुटबॉलचं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस या संघांच्या मॅचेस शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून बघत जो वाढला, त्याला स्ट्रायकरचं बाळकडूच मिळालेलं असतं. स्ट्रायकर म्हणजे गोल, आणि गोल मारणारा एकदा उतरला की पाय धरल्याशिवाय बाहेर यायचा नाही. तोच हिशेब घेऊन माणसं हॉकी बघायला येतात आणि पहिल्या पाच मिनिटांत आपला पोरगा बाकावर दिसला की त्यांचं डोकं फिरतं.

हॉकीत फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, चार-पाच मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर येतो, पाणी पितो, पुन्हा जातो. कितीही वेळा बदला, पंचांना विचारावं लागत नाही, खेळ थांबत नाही. मैदानात एका वेळी तीन फॉरवर्ड असले तरी आमच्या अठराच्या यादीत सहा असतात, आणि साठ मिनिटांत सहाही जण आलटून पालटून जवळजवळ सारखेच खेळतात. पहिल्या अकरात नसणं म्हणजे पाचव्या मिनिटाला मैदानात असणं. इतकं सांगितलं की निम्मे वडील शांत होतात. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढचं.

सहा फॉरवर्ड म्हणजे सहा पोरं नव्हेत, तीन-तीनच्या दोन जोडण्या. कुणाबरोबर कुणाला उतरवायचं, खरं भांडण तिथं असतं. स्टेडियमबाहेरच्या टपरीवर मी आणि अण्णा दर स्पर्धेआधी चहाचे रिकामे कप मांडून बसतो. अण्णा सत्तरी ओलांडलेले, मातीच्या मैदानावर खेळलेले. टपरीवाला आमच्यावर वैतागलेला, कारण त्याचे सहा कप तासभर अडकून पडतात. एकदा त्यानं न राहवून डावीकडचा कप उचलला, विसळला आणि गिऱ्हाइकाला चहा दिला. अण्णा म्हणाले, "झालं, लेफ्ट विंग इकला त्यानं."

डावीकडचा कप हीच आमची कायमची डोकेदुखी. हॉकीची स्टिक एकाच बाजूनं सपाट, आणि बॉलला लागायची ती सपाट बाजूच. डावऱ्या माणसासाठी वेगळी स्टिक नसते. त्यामुळे मैदानाची उजवी आणि डावी बाजू ही दोन वेगळी गावं आहेत. उजवीकडून पळणाऱ्याला बॉल आत, डीमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलात, मारणं सोपं. अंगाच्या ओघातच फटका डावीकडं जातो. डावीकडून पळणाऱ्याला तोच बॉल आत टाकायचा तर एक तर अख्खं अंग फिरवावं लागतं, नाही तर स्टिक उलटी करून रिव्हर्सनं हाणावा लागतो. अंग फिरवेपर्यंत बचाववाला येऊन उभा. म्हणजे डावीकडं ज्याचा रिव्हर्स पक्का आहे तोच हवा, आणि असं पोरगं चार वर्षांत एखादं मिळतं. आमच्याकडं सेंटरला दोघं तिघं उत्तम आहेत. सगळ्यांना गोलासमोर उभं राहायचंय. बॉल तिथं आणून द्यायला कुणी तयार नाही.

ज्या पोराबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते असंच. डीच्या आत बॉल मिळाला तर दहातले सहा आत घालणार. देवानं मनगट दिलंय. पण बॉल समोरच्यांकडं गेला की ते कमरेवर हात ठेवून उभं राहतं. हॉकीत पहिला बचाव फॉरवर्डच करतो. समोरचा फुल बॅक, म्हणजे शेवटच्या फळीतला बचाववाला, बॉल घेऊन वर बघतो, तेव्हा आपल्या तिघांनी एकदम सरकून त्याच्या वाटा बुजवायच्या असतात. तिघांपैकी एक जरी जागेवर राहिला तर त्या फटीतून बॉल निघतो, मागं आपले हाफ, म्हणजे मधल्या फळीतले, उघडे पडतात. म्हणून त्याला मी एकाच जोडणीत घालतो, जिथं दोन्ही बाजूला कुत्र्यासारखी पळणारी दोन पोरं आहेत. ती दोघं त्याच्या वाटचंही पळतात, आणि पाच मिनिटांत त्यांचं तोंड उघडं पडतं. तीनही माणसं बाहेर. पोरगं वाईट नाही, महाग आहे. गोलफलकावर त्याचं नाव लागतं. ते गोल ज्यांच्या फुप्फुसांवर उभे असतात त्यांचं कुठंच लागत नाही.

यावर एका गृहस्थांनी मला ऐकवलं की मोठ्या संघात असं चालत नाही, तिथं गोल मारणाराच खेळतो. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये भारतानं ब्राँझ जिंकलं तेव्हा आपले एकूण गोल पंधरा. त्यातले दहा कप्तान हरमनप्रीतचे, आणि हरमनप्रीत बचावातला खेळाडू. सगळे पेनल्टी कॉर्नर आणि स्ट्रोकवर, म्हणजे समोरच्यांच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या खास फटक्यांवर. पाच फॉरवर्ड नेले होते. अभिषेकचे दोन, मनदीप आणि सुखजीतचा एकेक, ललित आणि गुरजंतचा एकही नाही. मग काय, पाचही जणांना घरी ठेवायला हवं होतं? फॉरवर्ड डीत घुसतो, समोरच्याच्या पायावर बॉल लागतो, तेव्हा कुठं कॉर्नर मिळतो. माझ्या वहीत कॉर्नर मिळवणाऱ्याचं वेगळं खातं आहे. वडिलांना ते खातं दाखवलं की ते म्हणतात, "पायाला लागला त्यात आमच्या पोराचं काय कौतुक?" आता काय बोलायचं.

अण्णांचं मत याहून वेगळं. ते अजून राइट आउट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आउट अशा पाचांच्या भाषेत बोलतात. ऑफसाइडचा नियम गेला, टर्फ आलं, पाचाचे तीन झाले, त्यांना मान्य नाही. पण जोडीबद्दल त्यांच्याइतकं कुणी बोलू शकत नाही. १९३२ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला आपण २४-१ हरवलं. सगळ्यांना वाटतं ध्यानचंदनी जास्त मारले असतील. त्यांचे आठ, लेफ्ट इनला खेळणाऱ्या धाकट्या भावाचे, रूपसिंगचे, दहा. आणि १९३६ ची गोष्ट अण्णा अशी सांगतात की जणू तारेचे पैसे त्यांनीच भरले होते. बर्लिनला पोचल्यावर सराव सामन्यात जर्मनीनं आपल्याला ४-१ हरवलं. संघात ध्यानचंद होते तरी. मग राइट इनसाठी दारा यांना भारतातून बोलावून घेतलं, ते ऐन उपान्त्य सामन्याच्या वेळेला पोचले, आणि फायनलला त्याच जर्मनीचे ८-१ असे हाल केले. "सेंटरला ध्यानचंद असून शेजारचा कप रिकामा व्हता," असं म्हणून अण्णा एक कप जोरात आपटतात. टपरीवाला लांबून बघतो.

आता यादीतली शेवटची जागा. पहिली बारा-तेरा नावं पाच मिनिटांत लिहून होतात, कुणाचंच दुमत नसतं. सोळा-सतरापर्यंत थोडी घासाघीस. अठराव्या नावाला मात्र तीन रात्री जातात. ऑलिम्पिकला तर यादीच सोळाची. टोकियोच्या वेळी सिमरनजीत सिंग त्या सोळांत नव्हता, राखीव होता. कोविडमुळे यादी अठराची केली, प्रत्येक मॅचला त्यातले सोळा उतरवायची मुभा दिली, म्हणून तो आत आला. ब्राँझच्या मॅचमध्ये जर्मनी ३-१ नं पुढं होती. आपण ५-४ नं जिंकलो, एक्केचाळीस वर्षांनी पदक आलं, आणि त्यात सिमरनजीतचे दोन गोल. पाचवा, म्हणजे ज्यानं निकाल लावला तो, त्याचाच. मॅच संपल्यावर मी टीव्हीसमोर रडलो होतो हे घरचे अजून सांगतात. पण त्या रडण्यात एक वेगळं कारण मिसळलेलं होतं, ते घरच्यांना ठाऊक नाही. त्याच्या आधीच्या मोसमात मी एक अठरावं नाव चुकवलं होतं.

बाहेरगावची स्पर्धा होती. अठराव्या जागेसाठी दोघं. एक सहावा फॉरवर्ड, सरावात गोलांचा पाऊस पाडणारा. दुसरं एक बुटकं पोरगं, पळण्यात मध्यम, शूटिंग सुमार. पण पेनल्टी कॉर्नरचा पुश असा की बॉल जमिनीला चिकटून, दोरीवरून ओढल्यासारखा, थेट ट्रॅप करणाऱ्याच्या, म्हणजे बॉल अडवणाऱ्याच्या, स्टिकवर. गोलरेषेवरून, पोस्टपासून दहा मीटर लांबून, बॉल डीच्या बाहेर काढून द्यायचा, एवढंच त्याचं काम. आमच्याकडं पुश करणारा आणखी एक होता, पहिल्या अकरातला. एक पुरे, असं मी म्हटलं. अण्णा नको म्हणाले होते, हेही लिहायला हवं. मी गोल मोजले आणि सहाव्या फॉरवर्डला नेलं.

दुसऱ्याच मॅचला आमच्या पुशवाल्याच्या बोटावर स्टिक बसली, बोट सुजून केळ्याएवढं. त्यानंतर आम्हाला पाच कॉर्नर मिळाले. कॉर्नर मिळाल्यापासून तो संपेपर्यंत बदली करता येत नाही, म्हणजे जो मैदानात आहे त्यानंच पुश करायचा. कधी हाफनं केला, कधी सेंटरनं. एक उसळला, एक ट्रॅप करणाऱ्याच्या दोन हात लांबून गेला, एक इतका हळू की समोरचे बचाववाले आधी पोचले. पाचातला एकही नीट अडला नाही. अडवलेला बॉल गोलात उचलून टाकणारं, म्हणजे फ्लिक मारणारं, आमचं पोरगं पाचही वेळा स्टिक उचलून तयार, आणि त्याच्यापर्यंत काही येतच नव्हतं. एक-शून्यनं हरलो. ज्याला गोलांसाठी नेलं होतं त्याच्या स्टिकला बॉल चार-पाच वेळा लागला असेल.

रात्रीच्या एसटीनं परत आलो. पहाटे सीबीएसवर, मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलो तर ते बुटकं पोरगं सायकल घेऊन उभं. त्याचा एक मित्र संघात होता, त्याला न्यायला आलेलं. हरलो हे त्याला फोनवर कळलं असणारच. त्यानं मला एकच विचारलं, "सर, कॉर्नर किती मिळाले?"

मी सांगितलं पाच. तो "बरं" म्हणाला आणि मित्राची बॅग कॅरिअरला बांधायला लागला.

पुढच्या वर्षी तो आला नाही. दहावी होती. नंतरही आला नाही.

तेव्हापासून अठरावं नाव लिहिताना मी एकच विचारतो: हे पोरगं नसलं तर मॅचमध्ये असं काय आहे जे दुसरं कुणीच करू शकणार नाही? गोल मारणारी पोरं माझ्याकडं पाच आहेत. म्हणून कधी कधी सहावा गोल मारणारा घरी राहतो आणि त्याचे वडील मला मंडईत गाठतात.

त्यातल्याच एका वडिलांचं सांगून थांबतो. पेठेतला माणूस, तरुणपणी तालमीकडून फुटबॉल खेळलेला, आवाज स्टेडियमच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा. त्यांचं पोरगं म्हणजे तेच, मनगटवालं. दर मॅचला मागून ओरडायचे. एकदा मी त्यांच्या हातात वही आणि पेन दिलं. म्हटलं, गोल लिहू नका, ते मी लिहितो. बॉल गेल्यावर तुमचं पोरगं किती वेळा मागं पळालं आणि किती वेळा उभं राहिलं, एवढ्या दोन रेघा ओढा. बाकीच्या दोघांच्याही ओढा, जमलं तर.

पहिल्या क्वार्टरमध्ये ओरडणं चालू होतं. दुसऱ्यात कमी झालं. शेवटच्या क्वार्टरमध्ये मी मागं वळून बघितलं तर ते पुढं वाकून, चष्मा कपाळावर ढकलून रेघा ओढत होते. मॅच संपल्यावर वही परत दिली, पोराकडं न बघता स्कूटर काढली आणि गेले. मला वाटलं, माणूस दुखावला.

रात्री साडेदहाला फोन. "सर, झोपला न्हाईसा न्हवं? न्हाई, ते आमच्या पोराचं ऱ्हाऊ दे. पण तो उजवीकडचा कागलचा पोरगा हाय बघा, त्याला डाव्या बाजूला टाकून बघितलासा का कधी? माझ्या हिशेबानं तर..."

आता टपरीवर आम्ही तिघं बसतो. टपरीवाल्यानं आमच्यासाठी सहा फुटके कप वेगळे काढून ठेवलेत.