झाडाला टेकलेला माणूस

आज दुपारी पहिलीतल्या लेकीची कांजीची, म्हणजे चिनी लिपीतून जपानीत आलेल्या चिन्हांची, वही तपासायला घेतली आणि तासभर तिच्यातच अडकून पडलो. जपानमधील शाळांत पहिल्या वर्षी ८० कांजी शिकवतात आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत ती संख्या १,०२६ वर जाते. आजचे चिन्ह विश्रांतीचे होते: डावीकडे दोन रेघांचा माणूस, उजवीकडे चार रेघांचे झाड, माणूस झाडाला टेकला, की झाली विश्रांती. झाड दोनदा काढले की राई आणि तीनदा काढले की अरण्य, हे तर तिनेच मला शिकवले.

मात्र सगळीच चिन्हे अशी चित्रासारखी उलगडतात, हा माझा भ्रम पुढच्या इयत्तेतल्या ‘वेळ’ या चिन्हापाशी फिटला. त्यात सूर्य अर्थासाठी येतो, पण शेजारचे देऊळ केवळ ‘जि’ हा उच्चार सुचवण्यासाठी उभे असते. चिनी लिपीतली बहुसंख्य चिन्हे अशीच, एका अंगाने अर्थ आणि दुसऱ्या अंगाने ध्वनी सांगत, घडलेली आहेत. त्यातच डोंगराचे चिन्ह सुटे असेल तर ‘यामा’ वाचायचे आणि फुजीच्या नावामागे आले की ‘सान’.

“एका चिन्हाचे दोन उच्चार कसे लक्षात ठेवायचे?” असे मी वैतागून म्हणालो, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, ५२ ला आपण ‘पाच दोन’ म्हणतो का? बावन्नच म्हणतो ना!”

मी गप्प बसून झाड काढले. रेघांचा क्रम चुकला म्हणून लेकीने ते खोडून टाकले.