चवथ जवळ आली की मनगट का धरतं?

आमच्या शाळेच्या आठवणी बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. शाळेत आज जी मुलं तबल्यावर बसतात, त्यांच्या उपयोगाला येईल असं काही लिहावं, म्हणून हे रियाझाबद्दल.

गोव्यात तबलजीचं वर्ष सारखं जात नाही. श्रावण लागला की भजनं, वास्कोचा दामोदर सप्ताह (नावाला सप्ताह, भजन अखंड २४ तासांचं), मागोमाग चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्या. एरवी रोज अर्धा तास वाजवणारा मुलगा या दिवसांत एकदम तीन तास बसतो आणि तिथेच मनगट धरतं. रोजचा रियाझ आठवड्याला दहा मिनिटांहून जास्त वाढवू नये. अर्ध्या तासावरून दीड तासावर यायला सहा आठवडे लागतात, म्हणजे तयारी जुलैतच सुरू व्हायला हवी. सलग २०-२५ मिनिटं वाजवलं की पाच मिनिटं हात मोकळे सोडावेत. त्या पाच मिनिटांत मोबाइल हातात घेतला तर अंगठ्याला विश्रांती मिळालीच नाही.

दुसरं कारण वाद्यातच असतं आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. पावसाळ्यात पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं) ओल धरते, सैल पडते, ‘ना’ हा बोल बसका येतो. मग मुलं आवाज काढायला जोर लावतात: अंगठा ताठ, खांदा कानाकडे. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (पुडीवरच्या काळ्या गोलाच्या) कडेला नुसती टेकलेली हवी. ती दाबली की आस (मागे रेंगाळणारा नाद) मरते, आणि मेलेली आस भरून काढायला तर्जनी आणखी जोरात पडते. म्हणून आधी तबला स्वरात आणावा. थोडा उतरला असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या कड्यावर) वरून, समोरासमोरच्या घरांवर (वाद्यांच्या मधल्या जागांवर) हलके ठोके. फार उतरला असेल तर वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली घ्यावेत. दमट हवेत चढवलेला तबला एसीच्या सभागृहात नेला की कातडं आखडतं, कधी पुडी फाटतेही. नेताना थोडा उतरवून न्यावा. चुलीजवळ शेकवणं तर नकोच, शाई तडकते.

बैठकही तपासावी. गुडघे कमरेपेक्षा वर येत असतील तर पाठ वाकते. खाली दोन-तीन इंच जाडीची घडी घ्यावी.

लयीची घाई हा सर्वांचाच रोग. १६ मात्रांच्या तीनतालाचा कायदा (विस्तारासाठी बांधलेली बोलरचना) मिनिटाला ६० मात्रांवर धरला तर आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, १६ सेकंदांचं होतं. ते कंटाळवाणं वाटतं, पण ‘तिरकिट’मधला डग्ग्यावरचा ‘कि’ मागे पडतोय हे याच लयीत ऐकू येतं. चौगुनीत (चौपट लयीत) तो दडतो आणि चूक हातात पक्की होते. लय पाच-पाच मात्रांनी वाढवावी; तीन आवर्तनं स्वच्छ आली नाहीत तर दहा मात्रा खाली यावं.

माझ्या मते निम्मा रियाझ तबल्याला हात न लावता व्हावा. बोल तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी धरायची: १, ५, १३ वर टाळी, ९ वर ‘खाली’ (टाळी नसलेली मात्रा). हीच पढंत. तिहाई (तीनदा येणारा तुकडा) समेवर (पहिल्या मात्रेवर) का येत नाही ते पढंतीत लगेच कळतं, आणि मनगटावर भारही पडत नाही. हातापायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरणारे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर याच मातीतले. लय आधी अंगात मुरते, मग बोटांत उतरते, हे गोव्यात तरी वेगळं सांगायला नको.

गाणाऱ्या मुलांना एवढंच, की आवाज फुटायच्या वयात वरच्या पट्टीचा हट्ट नको. पट्टी उतरवावी, घसा खवखवला तर त्या दिवशी नुसतं ऐकावं.

वाजवून झाल्यावर आलेला शीण रात्रभरात गेला तर काळजी नाही. सकाळीही दुखत असेल तर त्या दिवशी वेळ निम्मा. बोटांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावं, आरती दुसऱ्या कुणाला वाजवू द्यावी. चवथ संपल्यावर दोन दिवस तबला गवसणीतच राहू द्यावा, पढंत मात्र चालू ठेवावी.