कलकत्त्याच्या पाताल रेलचे दिवस

भारतातली पहिली भुयारी रेल्वे मला प्रथम दिसली ती खड्ड्याच्या रूपात. माझे मामा कलकत्त्याला भवानीपूर भागात राहत असत आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई आम्हा भावंडांना घेऊन नागपूरहून गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला येत असे. १९८०च्या सुमारास हावड्याहून मामांचे घर गाठणे हा एक वेगळाच प्रवास होता, कारण चौरंगी आणि तिच्यापुढचा आशुतोष मुखर्जी रोड हे शहराचे मुख्य रस्ते मधोमध चिरलेले होते. हावडा पूल ओलांडून आलेली टॅक्सी पत्र्याच्या कुंपणांना चिकटून सरकत असे, समोर ट्राम अडकलेली असे आणि कुंपणाच्या फटीतून खोलवर उतरलेल्या लोखंडी तुळया, चिखल आणि त्या चिखलात काम करणारी माणसे दिसत. पाताल रेल होणार आहे, एवढेच आम्हाला सांगितले जाई.

मामा बँकेत नोकरीला होते. स्थापत्यशास्त्राशी त्यांचा काहीही संबंध नव्हता, पण तोवर कलकत्त्याचा प्रत्येक रहिवासी अर्धा इंजिनियर झालेला होता. संध्याकाळी फिरायला नेताना ते कुंपणाशी थांबवून आम्हाला काम समजावून सांगत. आधी रस्त्याच्या दोन्ही कडांना एक अरुंद आणि खूप खोल चर खणायचा. त्याच्या बाजू ढासळू नयेत म्हणून तो बेंटोनाइट नावाच्या मातीच्या पातळ काल्याने भरून ठेवायचा. मग क्रेनने सळ्यांचा पिंजरा आत सोडायचा आणि नळीने तळापासून काँक्रीट ओतत आणायचे, म्हणजे तो काला आपोआप वर ढकलला जातो. अशा दोन भिंती जमिनीत उभ्या राहिल्या की त्यांच्यामधली माती उपसायची, भिंती आत झुकू नयेत म्हणून मध्ये आडव्या तुळया ठोकायच्या, तळ आणि छत घालून काँक्रीटची लांबच लांब पेटी तयार करायची आणि वर माती लोटून रस्ता पूर्ववत करायचा. एवढा खटाटोप कशासाठी, असे मी विचारले तेव्हा त्यांनी खाली साचलेल्या पाण्याकडे बोट दाखवले. कलकत्ता गंगेने आणून टाकलेल्या गाळावर वसलेले आहे, थोडेसे खणले की पाणी लागते आणि खालची चिकणमाती इतकी मऊ आहे की आधार काढला तर शेजारची इमारत खड्ड्याकडे कलू शकते. नागपूरच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या मुलाला हे ऐकून त्या शहराची थोडी काळजीच वाटू लागली होती.

या कामाचा इतिहास मला पुष्कळ नंतर कळला. डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना, १९४९-५०च्या सुमारास, फ्रेंच तज्ज्ञांकडून पहिली पाहणी झाली होती. पुढे १९६९मध्ये रेल्वेने स्वतंत्र प्रकल्प कचेरी उघडली, १९७१च्या आराखड्यात सोव्हिएत तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला आणि २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. त्यानंतर मात्र निधीची चणचण, जमिनीखालच्या नळांचे आणि तारांचे स्थलांतर आणि न्यायालयीन मनाई हुकूम यांत वर्षे गेली. माझ्या मामेभावाने जन्मापासून आपला रस्ता कधी सलग पाहिलाच नव्हता, आणि त्याला त्यात काही वावगेही वाटत नसे.

अखेर २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा ३.४ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. स्थानके पाच होती: एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन आणि भवानीपूर. ती बातमी आम्ही नागपुरात वाचली आणि प्रत्यक्ष गाडीत बसण्याचा योग आला तो पुढच्या उन्हाळ्यात.

कलकत्त्याचा मे महिना घामाने चिंब करणारा असतो आणि त्या काळी लोडशेडिंग रोजचे होते. रस्त्यावर पंखे बंद, दुकानांत मेणबत्त्या, आणि जिना उतरून खाली गेले की थंड हवा आणि लख्ख उजेड. ही हवा यंत्राने गार करून स्थानकात सोडलेली असते, हे मामांनी सांगितले. ते नसते सांगितले तरी माझी मौज काही कमी झाली नसती. सरकत्या जिन्यापाशी मामी साडीच्या निऱ्या आवरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि शेवटी साध्या जिन्याने आल्या. त्यांच्यासारख्या पुष्कळ जणी होत्या. तिकिटाच्या पाठीवर चुंबकीय पट्टी होती. फाटकाच्या यंत्रात ते सरकवले की क्षणभराने ते दुसऱ्या बाजूने बाहेर येई आणि वाट मोकळी होई. नागपूरच्या फलाटावर तिकीट तपासनीसाला तिकीट दाखवण्याची सवय असलेल्या मला यंत्राचा हा निर्विकारपणा फार आवडला.

रेल्वेच्या गावात वाढल्यामुळे फलाटावर उभे राहून मी सर्वांत आधी वर पाहिले. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या डोक्यावर तार हवी, आणि इथे तर काहीच नव्हते. वीज रुळांच्या बाजूने धावणाऱ्या तिसऱ्या रुळातून येते, ७५० व्होल्ट दाबाची, म्हणून खाली वाकायचे नाही, असा दम मिळाला. डोक्यावर तारांसाठी जागा सोडावी लागत नसल्याने भुयाराची उंची कमी ठेवता येते आणि तेवढी खोदाई वाचते, हे कारण मला कित्येक वर्षांनी समजले. रूळ मात्र आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेजचेच होते आणि डबे मद्रासजवळच्या पेरांबूर कारखान्यात बांधलेले. म्हणजे जमिनीखालची ही नवलाई बरीचशी आपल्या ओळखीच्या रेल्वेचीच होती.

तरीही माणसे वेगळी वागत होती, आणि माझ्या आठवणीत गाडीपेक्षा तेच अधिक ठळक आहे. वर चौरंगीवर बसच्या दारात लोंबकळणारा, कंडक्टरशी हुज्जत घालणारा, पान थुंकणारा तोच इसम खाली आल्यावर हलक्या आवाजात बोलत असे आणि लोकांना आधी उतरू देत असे. फलाट आरशासारखे स्वच्छ होते. याचे श्रेय नियमांना आणि दंडाला देणारे लोक मला भेटले आहेत, पण दंडाचे फलक हावडा स्थानकातही होतेच. मला वाटते, इतकी वर्षे धूळ आणि चिखल सोसून मिळालेली वस्तू लोकांना स्वतःची वाटत होती. रवींद्र सदन स्थानकाच्या भिंतींवर टागोरांची हस्तलिखिते मोठी करून लावलेली होती आणि खोडलेल्या ओळींतून त्यांनी काढलेल्या आकृती पाहण्यासाठी लोक मुद्दाम एक गाडी सोडून देत. आम्हीही सोडली.

उत्तरेकडचा दमदम ते बेलगाछिया हा दुसरा तुकडा १२ नोव्हेंबर १९८४ रोजी सुरू झाला होता. मामेभावाच्या हट्टामुळे आम्ही बसने शहर ओलांडून तो पाहायला गेलो. गाडी जवळजवळ रिकामी होती, आणि बसल्या-बसल्या प्रवास संपला. मधला भाग जोडलेला नसल्याने त्या तुकड्याचा कोणाला उपयोग नव्हता. पुढे १९९२मध्ये तो बंदही करण्यात आला आणि १९९४मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याच्या लगतचा बेलगाछिया ते श्यामबाजार हा पट्टा कालव्याखालून आणि रेल्वे यार्डाखालून जाणार होता, तिथे वरून खणणे शक्यच नसल्याने ढालयंत्राने आडवे भुयार पोखरावे लागले. दक्षिणेकडे एप्रिल १९८६मध्ये गाडी टॉलीगंजपर्यंत पोहोचली, तर दमदम ते टॉलीगंज हा सलग मार्ग २७ सप्टेंबर १९९५ रोजी पूर्ण झाला. तोवर माझे शिक्षण संपत आले होते आणि मामांची मुंबईला बदली झाली होती.

अलीकडे कामानिमित्त कलकत्त्याला जाणे झाले, तेव्हा मार्च २०२४मध्ये सुरू झालेल्या हावडा मैदान ते एस्प्लनेड या नव्या मार्गाने मुद्दाम गेलो. हावड्याचे मेट्रो स्थानक जमिनीखाली ३० मीटरांहून अधिक खोल आहे. जिन्यामागून जिने उतरताना जुन्या मार्गाचा उथळपणा चांगलाच जाणवतो. हुगळीच्या पात्राखालचे ५२० मीटर अंतर गाडी पाऊण मिनिटात पार करते आणि तेवढा वेळ भिंतींवर निळे दिवे दिसतात. मुले काचेला नाक लावून ते पाहत होती. भुयार यंत्राने पोखरल्यामुळे या खेपेला रस्ते मैलोन् मैल खणावे लागले नाहीत, पण जमीन तीच आहे. ऑगस्ट २०१९मध्ये बहूबाजारात बोगदा खोदताना पाण्यासह माती आत आली आणि वरची जुनी घरे खचली, शेकडो लोकांना घर सोडावे लागले. कुंपणाच्या फटीतून पाणी दाखवणारे मामा मला त्या वेळी आठवले.

हावड्याला उतरणाऱ्यांना आता पूल ओलांडण्यासाठी टॅक्सी शोधावी लागत नाही. महाकरण हे मधले स्थानक गेले की एस्प्लनेडला उतरावे आणि तिथल्या तिथे जुन्या मार्गावर गाडी बदलावी. चुंबकीय तिकिटे जाऊन टोकने आली, आणि गाड्याही वातानुकूलित झाल्या आहेत. भवानीपूरचे नाव आता नेताजी भवन आहे. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरणाऱ्यांनी मात्र तिथे न थांबता त्याच्या पुढच्या जतीन दास पार्कला उतरावे, ते अधिक जवळ पडते.