तुम्ही विचारलंत म्हणून: आईला थेट मोठ्या हॉस्पिटलात का नाही नेलं?

आईला अर्धांगवायूचा झटका आला त्याला चार वर्षं झाली, तरी भेटणारा प्रत्येक जण हेच विचारतो. जवळच्या हॉस्पिटलात वेळ कशाला घालवलात? एकदाचं सांगतो.

कारण तिथल्या पाटीवर ‘सीटी स्कॅन २४ तास’ असं लिहिलं होतं. मशीन होतंही. ते चालवणारा माणूस सकाळी नऊला यायचा. मेंदूत गुठळी अडकलीय की रक्तस्राव झालाय, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जातो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी स्वतः फोन करून ॲम्ब्युलन्स मागवली. ती यायला ५० मिनिटं लागली.

आई शुद्धीत होती. उजव्या हाताने तिने स्वतःचा डावा हात उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “हा कुणाचा हात आहे रे?”

“तुझाच.”

“छे,” म्हणाली, आणि दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा तो माझ्या मांडीवर ठेवला. मी चोळत बसलो. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मोठ्या हॉस्पिटलात पोचलो सात वाजून दहा मिनिटांनी. झटका सुरू झाल्यापासून मोजायची इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत पावणेसातलाच संपली होती. जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढता येते, २०१५ च्या चाचण्यांनी ते सिद्ध केलंय. पण ते करणारे डॉक्टर तिथे आठवड्यातून दोनच दिवस येत, आणि तो दिवस त्यातला नव्हता. दुसऱ्या दिवशी मेंदूला सूज आली, तेव्हा कवटीचा तुकडा काढून जागा करून दिली, म्हणून आई आहे.

मग थेट नेऊन काय मिळालं असतं? तार घालायचा हा उपाय ज्यांना हवा, त्या शंभरातल्या जेमतेम तिघांना तो मिळतो, असं ७५ देशांच्या पाहणीत दिसलं. तेही श्रीमंत देश धरून. इतके दिवस हाच आकडा मी तुमच्या तोंडावर फेकत आलो.

पण इंजेक्शन मिळू शकलं असतं. थेट गेलो असतो तर सहा वीसला पोचलो असतो. हे मी कधी कबूल केलं नाही.

त्याआधीचंही एक आहे. सव्वादोनला आईच्या डाव्या हातातून पाण्याचा पेला निसटला, तेव्हा मी जागा होतो. “हात अवघडला असेल, झोप तू,” असं मीच म्हणालो. तीनला तिचं तोंड वाकडं दिसलं, तेव्हा धावपळ सुरू केली.

मोठी गुठळी इंजेक्शनने पुष्कळदा सुटतच नाही, अशी मी माझी समजूत घालतो. कधी पटतं. पेला स्टीलचा होता, पडल्याचा आवाज चांगला मोठा झाला होता.