दोन स्क्रूंनी खाल्लेले चार महिने

माझी बोल्ट-ॲक्शन रायफल एका दमात झाली नाही. आधी ॲक्शन आली (ज्यात बोल्ट सरकतो तो मुख्य सांगाडा), मग बॅरल, मग दस्ता, दुर्बीण आणि शेवटी बायपॉड. सगळं मिळून दोन वर्षांहून जास्त काळ गेला. कॅलिबर ६.५ क्रीडमूर आणि बॅरलचा पीळ ८ इंचांत एक फेरा, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं आणि त्याचा आजवर पस्तावा झालेला नाही. बॅरल बसवणं आणि हेडस्पेस (बोल्ट आणि चेंबर यांमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) गेजने तपासणं हे परवानाधारक गनस्मिथचं काम, ते त्याच्याकडेच दिलं. परवान्याची कागदपत्रंही वेळेत झाली. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही.

सांगायचंय ते पुढच्या चार महिन्यांबद्दल.

दुर्बिणीची रेल, म्हणजे ॲक्शनवर चार स्क्रूंनी बसणारी आणि दुर्बीण धरणारी पट्टी, त्याच गनस्मिथने बसवून दिली. रेंजवर १०० मीटरवर पहिले पाच राउंड मारले. तीन गोळ्या एकमेकींना चिकटून, अगदी नखाएवढ्या जागेत. उरलेल्या दोनही तशाच चिकटून, पण ३५ मिलिमीटर खाली. वाटलं, आपलाच श्वास चुकला. पुन्हा पाच मारले. पुन्हा दोन पुंजके, एक वर, एक खाली. १०० मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. म्हणजे सव्वा मिनिटाची उडी, आणि तीही मधलं काहीच नाही अशी. थकलेल्या नेमबाजाच्या गोळ्या पसरतात, अशा दोन घरांत वाटून बसत नाहीत. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

रायफल गनस्मिथकडे परत घेऊन गेले. त्याने माझ्यासमोर टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की आवाज करणारा पाना) लावला, रेलच्या चारही स्क्रूंवर 'टक' असा आवाज आला, आणि रायफल माझ्या हातात ठेवत म्हणाला, "ताई, रायफल उत्तम आहे. श्वासावर काम करा." पुढच्या दोन महिन्यांत मी आणखी दोनदा गेले. दर वेळी रायफल दोन-तीन आठवडे त्याच्याकडे पडून राहायची, आणि दर वेळी तोच 'टक', तेच वाक्य. मी कितीतरी वर्षं नेमबाजी करते. रेल काढून खालची जागा एकदाही न बघता मला श्वास शिकवला गेला, याचा राग अजून उतरलेला नाही.

मग मीच एकेक गोष्ट बाद करत गेले. काडतुसं एकाच लॉटची होती. दुर्बीण काढून मैत्रिणीच्या रायफलीवर लावली, तिथे दहाच्या दहा गोळ्या एका जागी. म्हणजे दुर्बीण निर्दोष. बॅरल दस्त्याला टेकतेय का, हे कागदाची पट्टी बॅरलखालून सरकवून बघितलं. पट्टी कुठेही न अडकता ॲक्शनपर्यंत गेली. बेडिंगवरही, म्हणजे ॲक्शन दस्त्यात कशी बसते त्यावरही, संशय घेतला: दस्त्याच्या टोकाशी बॅरल आणि लाकूड यांच्यामध्ये बोट धरून पुढचा ॲक्शन-स्क्रू ढिला-घट्ट केला. हालचाल जाणवली नाही, तरी मन मानेना. इपॉक्सी कालवून, ती ॲक्शनला चिकटू नये म्हणून रिलीज एजंट चोपडून बेडिंग नव्याने केलं. ते काम छान उतरलं, पण गोळ्या तशाच दोन घरांत. रेलच्या स्क्रूंवर नेलपॉलिशच्या बारीक रेघाही ओढल्या होत्या. शंभर राउंडनंतरही रेघा जुळलेल्या. त्या रेघांनीच माझा घात केला. स्क्रू फिरले नाहीत म्हणजे रेल पक्की, असं मी धरून चालले.

दोष दिसला तो साफसफाई करताना. बोल्ट काढलेला, चेंबर रिकामी, रायफल गादीवर आडवी. (हे सगळं करताना बोल्ट बाहेरच हवा, काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.) रेल आणि ॲक्शन यांच्या सांध्यावर तेलाचा थेंब ओघळला होता. दुर्बिणीचं पुढचं टोक अंगठ्याने वर ढकललं, तर सांध्यातली तेलाची बारीक रेघ आत ओढली गेली. अंगठा काढला, रेघ बाहेर आली. पुन्हा ढकललं, पुन्हा आत. मी तिथेच बसून दहा-बारा वेळा ते बघत राहिले.

मागचे दोन स्क्रू काढले, फक्त पुढचे दोन ठेवले, टॉर्क रेंच लावला. 'टक'. आणि रेल बोटाने हलली!

माझ्या ॲक्शनवर पुढची दोन्ही छिद्रं बॅरलच्या आट्यांवर संपतात. चारही स्क्रू एकाच लांबीचे टाकलेले, आणि पुढच्यांना ती लांबी जास्त. स्क्रू खाली बॅरलला जाऊन टेकायचे, तिथेच घट्ट व्हायचे, रेंच खूश होऊन आवाज करायचा. रेलवर मात्र डोक्याचा दाब पडतच नव्हता. रेल काढून तोच स्क्रू नुसत्या छिद्रात तळापर्यंत फिरवला आणि व्हर्नियरने मोजलं. डोक्याखाली ३.०५ मिलिमीटर जागा उरत होती आणि तिथे रेलची जाडी ३. फरक फक्त ०.०५ चा. पण पुढच्या-मागच्या स्क्रूंमधलं अंतर १३० मिलिमीटर, म्हणजे १०० मीटरवर जवळजवळ ३८ मिलिमीटर. माझी खालची घरं जिथे होती, साधारण तिथेच. स्क्रूंची टोकंही दाबून चकचकीत झाली होती.

स्क्रू आखूड करताना आधी त्यावर नट चढवायचा आणि मग टोक कानशीने घासायचं. नट काढताना आटे आपोआप साफ होतात. मी दोन्ही स्क्रू सुमारे ०.६ मिलिमीटर घासले, तेल पुसून आटे कोरडे केले, स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून निळा थ्रेडलॉकर लावला. एकेक स्क्रू एकटा घट्ट करून रेल हलवून बघायची, ही तपासणी मी आता कुणालाही पहिल्याच दिवशी करायला सांगते. ज्यांच्या ॲक्शनवर एखादं छिद्र आरपार आहे त्यांनी बोल्टही मिटवून बघावा. लांब स्क्रू तिथे बोल्टच्या वाटेत येतो.

दुर्बीण बसवण्याचं राहिलंच. दस्त्यावरची गाल टेकवायची गालपट्टी आधी ठरवा, दुर्बीण मागाहून. डोळे मिटून गाल टेकवायचा, मग डोळे उघडायचे. चित्र काठापर्यंत पूर्ण दिसलं नाही तर मान हलवायची नाही, दुर्बीण पुढे-मागे सरकवायची. क्रॉसहेअर सरळ करायला लांब टांगलेल्या ओळंब्याइतकं खात्रीचं काही नाही. रिंगच्या स्क्रूंना मी २ न्यूटन-मीटरवर थांबते, कारण त्याहून जास्त दाबलं की दुर्बिणीची नळी चेपू शकते. पॅरालॅक्स तपासायला रायफल बॅगेवर स्थिर ठेवून फक्त डोकं हलवायचं. क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकलं तर नॉब फिरवायचा.

पुन्हा रेंजवर गेले तेव्हा वारा जवळजवळ नव्हता. पाच राउंड सावकाश मारले. दुर्बिणीतून एकच भोक दिसत होतं, जरा वेडंवाकडं. कागद आणून मोजला, मध्यापासून मध्यापर्यंत १४ मिलिमीटर. मी तो कागद घडी न घालता घरी आणला.

त्यानंतर दोनशे राउंड झाले. परवा सांध्यावर मुद्दाम तेलाचा थेंब सोडला आणि दुर्बीण अंगठ्याने ढकलली. रेघ जागची हलली नाही.