दोन चटणीवाले, एक रस्ता

सोलापूरच्या होटगी रस्त्याचा सरळ एक किलोमीटर धरा. त्यावर सारख्या अंतरानं शंभर घरं. प्रत्येक घर आठवड्याला शेंगा चटणीचं पाव किलोचं एक पाकीट घेतं. दुकानं दोनच, चटणी दोघांची सारखीच, पाकिटामागे खर्च 60 रुपये. चालायचा त्रास गिऱ्हाइकाला शंभर मीटरमागे 2 रुपयांना पडतो. हा आकडा बिलात कुठे दिसत नाही, म्हणून हिशेबात पहिला तोच गळतो.

दुकानं रस्त्याच्या दोन टोकांना असली तर भाव काय ठरेल? असं घर शोधायचं ज्याला दोन्हीकडची चटणी सारखीच पडते. दोघांचा भाव 80 असेल तर ते घर बरोबर मध्यावर. पन्नास घरं, वीस रुपये नफा, हजार रुपये. आता एकानं 78 केले तर ते घर पन्नास मीटर पुढे सरकतं: 55 घरं, 18 रुपये, 990. 82 केले तर 45 घरं, 22 रुपये, पुन्हा 990. दोन्हीकडून दहा रुपये तोटाच, म्हणून भाव 80 वर टिकतो. सूत्र सोपं आहे: खर्च अधिक अख्खा रस्ता चालण्याचा त्रास.

अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंगनं 1929 साली हा रस्ता मांडला आणि पुढे म्हटलं की दुकानं मध्याकडे सरकत जातील. पुस्तकी उत्तर म्हणून अजूनही तेच सांगतात. भाव बांधलेला असेल, म्हणजे छापील किमतीचा माल असेल, तर ते खरंच आहे. भाव दुकानदाराच्या हातात असला की मात्र गडबड होते.

दुकानं 400 आणि 600 मीटरवर आणा. वरच्याच पद्धतीनं उत्तर परत 80 येतं आणि इथेच माणूस फसतो. दोन दुकानांमधलं अंतर आता फक्त 4 रुपयांचं आहे. एकानं 75 लावले तर दुसऱ्याच्या दारातल्या गिऱ्हाइकालाही त्याची चटणी 79 ला पडते. शंभरच्या शंभर घरं त्याची, नफा 1500. दुसरा गप्प बसणार नाही, तोही उतरतो. उतरता उतरता एकाला वाटतं, आपल्या पाठीमागच्या घरांना तरी महाग विकावं, आणि भाव पुन्हा उसळतो. थांबायला जागाच नाही. या आकड्यांत अंतर पाचशे मीटरपेक्षा कमी झालं की हे सुरू होतं. दुकानं अगदी भिंतीला भिंत लावून असतील तर फ्रेंच गणितज्ञ बर्ट्रांडचं 1883 सालचं म्हणणं लागू: भाव थेट 60, नफा शून्य.

हॉटेलिंगच्या मांडणीतली ही फट द'आस्प्रमों, गाब्शेविच आणि तिस या अर्थतज्ज्ञांनी 1979 मध्ये दाखवली. त्यांनी त्रास अंतराच्या वर्गानं वाढवून पाहिला, म्हणजे अंतर दुप्पट तर त्रास चौपट. मे महिन्यातल्या सोलापुरात दुपारी हे पटायला वेळ लागत नाही; दुसरे पाचशे मीटर पहिल्यापेक्षा फार जड जातात. अख्ख्या रस्त्याचा त्रास वीसच रुपये धरला, तर टोकांना भाव 80, पाव-पाव अंतर आत आल्यावर 70, आणि 400-600 वर 64. नफा अनुक्रमे 1000, 500, 200. म्हणून दोघंही टोकांना पळतात.

क्रमही महत्त्वाचा. जागा आधी, भाव नंतर. डिपॉझिट भरून गाळा घेतला की तो वर्षं-दोन वर्षं हलत नाही, पाटीवरचा भाव मात्र खडूनं रोज बदलता येतो. दोन्ही एकदम ठरतात असं धरलं तर उत्तर चुकतं.

नवी पेठेत कापडाची दुकानं एकमेकांना खेटून का, असं कोणी विचारेलच. तिथे गिऱ्हाईक मुळात दहा दुकानं बघायलाच येतं. गर्दी गर्दीला ओढते. या मॉडेलमध्ये घरांची संख्या ठरलेली आहे, त्यामुळे ती ओढ त्यात नाही.

अजून एक अट बहुतेक जण तपासत नाहीत. शंभर मीटरमागे 2 रुपयांच्या पहिल्या हिशेबात 80 भावाला मध्यावरच्या घराला पाकीट 90 ला पडतं. घराच्या लेखी चटणीची किंमत 85 च असेल तर मधल्या पाचशे मीटरमधली घरं ते घेणारच नाहीत. मग टोकांच्या दुकानांचा भाव 75 वर येऊन थांबतो.