माहीमहून स्लो लोकल

मुंबई मॅरेथॉनचं मेडल माझ्याकडे नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी लेडीज डब्यात एका सात-आठ वर्षांच्या मुलीला मी "बॅगेत आहे" असं सांगून बसलेय आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

प्रवासाचं म्हणाल तर सांगण्यासारखं फार नाही. नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेस, गिरगावात मावशीकडे मुक्काम, आदल्या दिवशी वांद्र्याच्या बीकेसीला जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, आणणं. तिथे अर्धी गर्दी बिब घ्यायला आणि अर्धी बिबसोबत फोटो काढायला आलेली. मीही काढला. रात्री मावशीने मुगाची खिचडी केली आणि सव्वाआठला दिवे बंद केले. मी अकरापर्यंत छताकडे बघत पडले होते.

गुडघ्याचं मला माहीत होतं. डिसेंबरपासून माहीत होतं. रविवारचा लांबचा पल्ला 24 वरून एकदम 32 वर नेला आणि वर हौसेने पांडवलेणीच्या पायऱ्या चढून-उतरून आले. तेव्हापासून उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर झालं की कोणीतरी सुई टोचल्यासारखं व्हायचं. फिजिओने सांगितलं, आयटी बँड. कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत जाणारा पट्टा असतो, तो गुडघ्याच्या हाडापाशी दुखावतो. "दुखणं गुडघ्याला आहे, पण कच्चा तुमचा पुठ्ठा आहे," असं म्हणून तिने कुशीवर झोपून गुडघा उघडायचा-मिटायचा व्यायाम दिला. शिंपला उघडतो तसा. रोज तीन वेळा, सहा आठवडे. मी चार दिवस केला. पाचव्या दिवशी बरं वाटलं.

पहाटे सीएसएमटीसमोर अंधारात उभी राहिले तेव्हा मात्र काहीच दुखत नव्हतं. त्या स्टेशनाला एवढ्या निवांतपणे समोरून मी कधी पाहिलंच नव्हतं. एरवी आपण त्यातून बाहेर पडतो आणि टॅक्सीवाल्याशी भांडतो. मरीन ड्राइव्ह काळोखातच संपला. पेडर रोडचा चढ मी फुशारकीत चढले, आणि हाजीअलीकडे उतरताना सुई टोचली. आयटी बँडची हीच खोड आहे, चढ सोसतो, उतार सोसत नाही.

सी लिंकबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. 5.6 किलोमीटरचा पूल, 2009 साली सुरू झाला आणि एरवी त्यावर पायी जाता येत नाही. मी या एका कारणासाठी फी भरली होती. उजव्या हाताला दादर-माहीमच्या इमारतींमागून सूर्य वर आला, आजूबाजूचे सगळे फोन काढून उभे राहिले, आणि मी केबल मोजत होते. दोन केबलच्या मध्ये चालायचं, पुढच्या दोन पळायचं. पूल संपेस्तोवर चालायच्या जास्त झाल्या.

आता तक्रार. रस्त्याच्या कडेला उभे राहून "बस, थोडंच राहिलंय!" असं ओरडणाऱ्यांना कोणीतरी आवरा. वीस किलोमीटर मागे पडलेत, बावीस पुढे आहेत, आणि हे भरल्या पोटी सांगतायत थोडंच राहिलंय. दुसरी जमात स्प्रेवाल्यांची. लंगडताना दिसलात की विचारायच्या आत गुडघ्यावर फवारा. माझ्या एकाच गुडघ्यावर तीन ठिकाणी तिघांनी मारला. थंड लागलं, वास आला, दुखणं होतं तिथेच. प्रेमाने करतात हो, मान्य आहे. पण माझा गुडघा म्हणजे काय डासांची जागा आहे?

माहीमला वळल्यावर, तेवीस-चोवीस किलोमीटर झाले असतील, मी पळायला पाय उचलला आणि तो वाकेचना. चालायला ठीक, पळायला लागलं की कळ थेट मांडीत. फुटपाथवर एक काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, बाजूच्या स्टुलावर परातीत सोललेली संत्री आणि वाटीत मीठ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा."

"बसले तर उठणार नाही, काका."

"मग नका उठू."

एवढंच. ना "हिंमत हारू नका", ना "माइंडवर असतं सगळं". मी बसले. मीठ लावून दोन फोडी खाल्ल्या. समोरून माणसं जात होती, आणि मघापर्यंत मीही त्यांच्यातली होते हे दहा मिनिटांत खरं वाटेनासं झालं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आठवली ती मावशी.

मावशी गिरगाव चौपाटीवर उभी राहणार होती. जानेवारीतला तिसरा रविवार म्हणजे संक्रांत नुकतीच झालेली. डबाभर तिळाच्या वड्या करून, मावसभावाला घेऊन, परतीच्या वाटेवर मला हाताने भरवायला. मी तिला साडेदहाची वेळ दिली होती, म्हणजे ती नऊलाच जाऊन उभी असणार. आणि मी आले नाही तर बारापर्यंत, एकपर्यंत, रस्ता उघडेपर्यंत उभी राहील. माझा फोन बॅगेत, बॅग आझाद मैदानात. काकांनी त्यांचा फोन पुढे केला तेव्हा कळलं की मला भावाचा नंबर पाठ नाही. मावशीच्या मोबाइलचाही नाही. पाठ होता तो गिरगावच्या लँडलाइनचा, शाळेच्या सुट्टीपासूनचा. तोच लावला. बंद घरात तो फोन वाजत होता आणि मला दिसत होतं कुठे वाजतोय ते: फ्रिजवर, क्रोशाच्या रुमालाखाली.

एका व्हॉलंटियर मुलाने अँब्युलन्सचं विचारलं. मागून बस येते, राहिलेल्यांना घेऊन जाते, असंही म्हणाला. "राहिलेल्यांना" हा शब्द मला फार लागला. मी म्हटलं, मी लोकलने जाईन. कमरेच्या पाउचमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत शंभराची नोट होती, घामाने मऊ झालेली.

माहीम स्टेशनपर्यंत चालत गेले. पूल चढले व्यवस्थित. मग उतरायची वेळ आली. पहिल्या पायरीला जी कळ आली, त्यानंतर कठडा धरला, पाठ फिरवली आणि उलटी उतरायला लागले. जत्रेतल्या बाहुलीसारखी, एकेक पायरी. माझ्यामागून उतरणारा प्रत्येक माणूस त्यामुळे माझ्या समोर येत होता, आणि प्रत्येकाची नजर चेहऱ्यावरून छातीवरच्या बिबवर जात होती. नंबर, खाली नाव, 42 किलोमीटर. तो बिब काढून खिशात टाकता आला असता, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

चर्चगेट स्लोला रविवार असूनही बसायला जागा नव्हती. ड्रीम रनला, म्हणजे मॅरेथॉनसोबतच्या हौशी लोकांच्या छोट्या धावेला, उशिरा निघालेल्या सहा-सात मुली एकसारखे टीशर्ट घालून दारात फोटो काढत होत्या. माझा पाय बघून एक बाई उठली, मला जागा दिली आणि स्वतःच्या मुलीला माझ्या शेजारी बसवलं. दादर यायच्या आत तिने विचारलं, "झाली का पूर्ण?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं, आणि "हो" आलं.

"बेचाळीस?"

"हो."

"बघ गं," ती मुलीला म्हणाली, "ह्या मावशींनी बेचाळीस किलोमीटर पळून काढलं. आणि तू जिना चढायला कुरकुरतेस."

मुलीने मला वरून खालपर्यंत पाहिलं. मुलं मेडल आधी बघतात. "मेडल कुठाय?"

"बॅगेत."

"बॅग कुठाय?"

"आझाद मैदानात." हे तरी खरं होतं.

ड्रीम रनच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीने माझ्याबरोबर सेल्फी काढला. तो कुणाच्या तरी फोनमध्ये "रिअल इन्स्पिरेशन" वगैरे लिहून पडला असणार. समोरच्या खिडकीत एक म्हातारी बाई मोगऱ्याचे गजरे ओवत बसली होती. सुई न थांबवता ती म्हणाली, "संपते ती बोरीबंदरला ना?"

बोरीबंदर म्हणजे सीएसएमटीच. कोणी लक्ष दिलं नाही. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिने दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडली, आणि पुन्हा काही बोलली नाही. एल्फिन्स्टनचं नाव प्रभादेवी झालंय ते मी तीनदा वाचून काढलं.

माझी बाजू मांडायची तर मी सांगू शकते की दमले होते, पाय दुखत होता, सविस्तर सांगायचं त्राण नव्हतं. पण नाशिकमध्ये ऑफिसमधून निघताना, बँकेतल्या सगळ्यांसमोर पेढे वाटून, "फुल हं, हाफ नाही" असं मीच तर चार वेळा सांगितलं होतं. डब्यातली ती बाई माझी कोणीही लागत नव्हती. तिला खरं सांगून माझं काय जाणार होतं? तिच्यावर मी ऑफिससाठी सराव केला, असं आता वाटतं.

चर्नी रोडला उतरले. परत पूल, परत उलटी उतरण. सैफी हॉस्पिटलच्या बाजूने चौपाटीकडे लंगडत गेले, तर मावशी मला पाठमोरी दिसली. इरकली साडी, पायात माझेच जुने स्पोर्ट्स शूज, हातात स्टीलचा डबा. बाबुलनाथच्या बाजूला मान ताणून बघत होती. समोरून येईल त्याच्या हातावर वडी ठेवत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "आमची भाची येतेय का हो मागे? निळी टोपी आहे." आणि ते बिचारे धापा टाकत "येतायत, येतायत" म्हणत होते. सगळे खोटारडे.

मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं!" ती दचकली. "तू इकडून कशी?"

"ट्रेनने."

तिने पुन्हा एकदा बाबुलनाथकडे बघितलं, जणू तिकडून अजून एक मी येण्याची शक्यता होती. मग माझ्या पायाकडे. "गुडघा?"

"हं."

"मी म्हटलंच होतं," असं ती म्हणाली नाही. तिने म्हटलंच होतं, तरी. भावाला कुठूनतरी बर्फाचा गोळा आणायला पिटाळलं आणि मला फुटपाथच्या कडेला पाय सरळ करून बसवलं. "ते आफ्रिकेचे आले ना मघाशी," डबा माझ्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, "हरणं गं नुसती. मी वडी पुढे करेपर्यंत गेलेसुद्धा. एकाला तरी द्यायची होती."

डब्यात अजून निम्म्या वड्या होत्या. तिला काही त्या घरी परत न्यायच्या नव्हत्या, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. ती उभी राहून हाक मारायची, मी बसल्या जागेवरून हात पुढे करायचे. पहाटे माझ्या आसपास पळणारे दोन-चार चेहरे ओळखू आले. एकजण वडी तोंडात टाकून माझ्या बिबकडे बघत म्हणाला, "अरे वा, तुमची झालीसुद्धा?" मावशी म्हणाली, "नाही हो, तिने माहीमलाच सोडली. तुम्ही पळा." इतकं सहज म्हणाली की तो "बरं बरं" म्हणून पळालाही.

डबा रिकामा व्हायला साडेअकरा वाजले. बॅग आणायला भावाला पाठवलं, बिब देऊन. तो परत आला तेव्हा मी मावशीच्या पलंगावर गुडघ्याखाली तीन उशा घेऊन पडले होते.

"काउंटरवर पोरगा विचारत होता, ताईंची पूर्ण झाली का म्हणून," तो बॅग ठेवत म्हणाला.

"मग?"

"हो म्हटलं. कुठे सगळं सांगत बसू?"